मुलांची लाल यादी मागे घ्यावी : शाळेच्या व्यवस्थापन मंडळास एका शिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
आदरणीय व्यवस्थापक फादर आणि शाळेच्या व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

येत्या जूनपासून आपल्या शाळेच्या पाचवी ते दहावीच्या सर्व वर्गांत गृहपाठ, वाचन-चाचणी आणि मूल्यमापन हे सारे टॅबलेटवरच्या एका अ‍ॅपमधून होईल, असे परिपत्रक एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले. दसऱ्याच्या सुटीनंतर पाचवी ते सातवीत सुरू केलेला प्रयोग यशस्वी झाल्यामुळे हा विस्तार करण्यात येत आहे, असे त्यात म्हटले आहे. प्रयोग यशस्वी झाला हे कोणी ठरवले, कशावरून ठरवले आणि त्या वर्गांना शिकवणाऱ्यांपैकी कोणाला विचारून ठरवले, याबद्दल मात्र परिपत्रकात एक ओळही नाही. मी त्या वर्गांना मराठी आणि समाज विज्ञान शिकवते. मला कोणी विचारलेले नाही, आणि मुख्याध्यापकांमार्फत पाठवलेल्या माझ्या लेखी निवेदनाला उत्तरही आलेले नाही. पालकांपर्यंत तर हे परिपत्रक अजून पोचलेलेच नाही. म्हणून जे बैठकीत मांडायला मिळाले नाही, ते इथे उघडपणे मांडत आहे. शाळेचे, गावाचे आणि माझे नाव या पत्रात मुद्दाम घातलेले नाही, कारण पुढे ज्या मुलांविषयी लिहिले आहे ती त्यावरून लगेच ओळखू येतील. मंडळाकडे दिलेल्या प्रतीवर माझी सही आहे.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका कॅथलिक घरात वाढले. घरात कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, आणि चर्चमध्ये रविवारची मिस्सा कधी कोंकणीत तर कधी मराठीत, असे आमचे चालत आले आहे; सीमाभागात याचे कोणाला नवल वाटत नाही. मिशनच्याच शाळेत मी शिकले आणि मिशनच्याच शाळेत शिकवते आहे. हे काम मी पगारासाठी करते, त्यात लपवण्यासारखे काही नाही, पण ते माझे पाचारणही आहे असे मी मानते. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा हिशेब परमेश्वरासमोर मांडण्याची सवय मला आईने लावली, आणि त्या हिशेबात वर्गातले चेहरे एकेक करून येतात : आज कोण गप्प होते, कोणाचा डबा आला नव्हता, कोणाला मी उगाच रागावले. या पत्रात मी जे म्हणणार आहे त्याचा संबंध या सवयीशी आहे. मुलाविषयीचा निवाडा ज्याला ते मूल ठाऊक आहे त्यानेच करावा, आणि तसा तो करणे हे कॅथलिक शाळेचे कर्तव्य आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. शिक्षकखोलीत असा विषय कोणी काढला की त्याला तत्काळ जुन्या वळणाचे ठरवून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. सहावीला नद्या शिकवताना मी प्रोजेक्टरवर उपग्रहाचा नकाशा उघडते आणि कणकुंबीच्या डोंगरातला मलप्रभेचा उगम, तिथून खानापूरचा पूल, पुढे सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ धरण आणि अखेर कूडलसंगमाला कृष्णेशी होणारी भेट, असा सगळा प्रवास मुलांना दाखवते. रोज बसमधून ओलांडतो तो पूल पडद्यावर दिसला की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा उठून पुढे येतात, आपल्या घराचे कौलारू छप्पर शोधू लागतात, आणि मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा ओढ्यांचे पाणी नेमके कोणाचे हा प्रश्न मग मला काढावा लागत नाही, तेच काढतात. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरचे धडे मी लावते. ज्याला कमी दिसते अशा एका विद्यार्थ्याला पडद्यावर अक्षर मोठे करून वाचता येते, आणि हे आमच्या लहानपणी असते तर किती मुले शाळेत टिकली असती, असे मला त्याच्याकडे पाहून नेहमी वाटते. हे सगळे यंत्रच आहे, पण इथे यंत्र माझ्या हाताखाली आहे. नव्या व्यवस्थेत मी आणि मुले त्याच्या हाताखाली जातो.

आता तक्रारींकडे वळते. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार त्या रंगीत यादीविषयी आहे.

दर शनिवारी सकाळी हे अ‍ॅप प्रत्येक वर्गाची एक यादी तयार करते. काही नावे हिरव्या रंगात, काही पिवळ्या आणि काही लाल. लाल नावांपुढे ‘विशेष लक्ष देण्याची गरज’ असे लिहिलेले असते. ही यादी छापून सूचनाफलकावर लावली जाते. जूनपासून तिच्यावरूनच प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या पाडल्या जातील, असे परिपत्रक सांगते. यादी कशावरून बनते, हे अ‍ॅपच्या प्रशिक्षणाला आलेल्या माणसाला मी विचारले, तेव्हा त्याने सरळपणे सांगितले की मूल किती मिनिटे पडद्यावर होते, गृहपाठ रात्री आठच्या आधी आला की नंतर, आणि उत्तर द्यायला किती वेळ लागला, यांवरून ती मुख्यतः ठरते.

सहावीतली एक मुलगी हा प्रयोग सुरू झाल्यापासून लाल रंगात आहे. तिचे वडील गोव्यात बांधकामावर आहेत आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन त्यांच्याबरोबर असतो. आई बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला जाते. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. वडील शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी येतात. रविवारी सकाळी ही मुलगी अंगणातल्या कट्ट्यावर बसून आठवड्याचा सगळा गृहपाठ एका बैठकीत पुरा करते, आणि अ‍ॅप त्यातल्या प्रत्येक गृहपाठापुढे ‘उशिरा’ असा शेरा मारते. शिवाय यादी शनिवारी सकाळी निघत असल्यामुळे त्या आठवड्यापुरते तरी तिने काहीच केलेले नसते. गणिताच्या तासाला फळ्यावर उदाहरण सोडवायला सगळ्यांत आधी हीच उठते, असे गणिताचे सर सांगतात. मराठीच्या वहीत तिने लिहिलेला सुगीचा निबंध मी दुसऱ्या तुकडीला वाचून दाखवला होता. विळ्याने बोट कापल्यावर आजीने त्यावर काय बांधले आणि कापणी न थांबवता दुसऱ्या हाताने पेंढी कशी आवळली, हे तिने चार ओळींत असे लिहिले आहे की मोठ्या माणसालाही जमू नये. हे मला ठाऊक आहे, तिच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. येत्या जूनमध्ये मात्र ती ‘मंद’ तुकडीत बसेल. परिपत्रकात तो शब्द नाही, हे खरे. तुकडी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तो मैदानावर ऐकू येईल.

मत्तयच्या शुभवर्तमानातली द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट आपण मिस्सेत ऐकत आलो आहोत. दिवस मावळता मावळता आलेल्या मजुरांनाही मालकाने पुरी मजुरी दिली. इतका वेळ रिकामे का उभे होता, असे त्याने विचारल्यावर ते म्हणाले होते की आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. मालकाने निदान विचारले तरी. आपल्या अ‍ॅपमध्ये कारण विचारण्याची सोयच नाही, आणि शिक्षकाला ते कारण ठाऊक असले तरी ते नोंदवायला त्यात रकाना नाही.

या बाबतीत चर्चने मौन पाळलेले नाही, हे फादर, आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. पोप फ्रान्सिस यांनी १ जानेवारी २०२४ च्या जागतिक शांतिदिनाचा संदेशच कृत्रिम बुद्धिमत्तेवर दिला आणि माणसाचे वेगळेपण म्हणजे त्याच्याविषयी जमवलेल्या माहितीचा गठ्ठा, असे मानायला नकार देणे हा मानवी प्रतिष्ठेचाच भाग असल्याचे त्यात सांगितले. पुढे २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी मिळून कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी ‘आंतिक्वा एत नोव्हा’ ही विस्तृत टिपणी काढली. तिच्यात शिक्षणावर स्वतंत्र विवेचन आहे : शिक्षक प्रत्यक्ष समोर असण्यातून जे नाते निर्माण होते ते यंत्राला उभे करता येत नाही, आणि आयती उत्तरे पुरवणाऱ्या साधनांमुळे मुलाची स्वतः विचार करण्याची ताकद खुंटू शकते, असे तिथे म्हटले आहे. त्याच टिपणीत या साधनांचा चांगला उपयोगही मान्य केलेला आहे, म्हणजे ती काही भीतीपोटी लिहिलेली नाही. सध्याचे पोप चौदावे लिओ यांनी तर निवडून आल्यानंतर दोनच दिवसांनी, १० मे २०२५ रोजी, कार्डिनलांना सांगितले की लिओ हे नाव घेण्यामागे तेरावे लिओ यांची आठवण आहे. त्यांनी १८९१ साली औद्योगिक क्रांतीच्या काळात कामगारांच्या प्रश्नावर परिपत्र काढले होते, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तसाच प्रश्न चर्चपुढे उभा आहे. हे सगळे रोममध्ये चालले असताना आपल्या धर्मप्रांतातल्या एका शाळेत सूचनाफलकावर लाल यादी लागते, याचा मेळ मला घालता येत नाही.

परिपत्रकात संत कार्लो अकुतिस यांचा दाखला दिला आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळालेला हा मुलगा अवघ्या पंधराव्या वर्षी वारला, संगणकात रमणारा होता आणि युखारिस्ताच्या, म्हणजे मिस्सेतल्या पवित्र भाकरीच्या, चमत्कारांची नोंद त्याने संकेतस्थळावर मांडली, हे आमच्या मुलांना फार आवडते. संगणकखोलीत त्याची तसबीरही आहे. पण कार्लोने संगणक वापरला. तो किती मिनिटे पडद्यासमोर बसला यावरून कोणी त्याची किंमत केली नव्हती. त्याचे नाव या परिपत्रकात यायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी तक्रार वाचन-चाचणीची. मुलाने टॅबलेटसमोर मराठी उतारा मोठ्याने वाचायचा, यंत्राने ऐकायचे आणि शब्दागणिक हिरवी किंवा लाल खूण करायची, अशी ही चाचणी आहे. आमच्याकडच्या मुलांच्या मराठीला एक हेल आहे. वाक्याच्या शेवटी सूर थोडा वर जातो, काही शब्द ओढले जातात. कन्नड आणि कोंकणी शेजाराला नांदत आल्याने असे झाले आहे आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. यंत्राला हा हेल कळत नाही. जांबोटीच्या बाजूने येणारा पाचवीतला एक मुलगा चांगला, अडखळल्याशिवाय वाचतो. त्याने उतारा वाचला, पडदा लाल झाला आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा आवाज आला. त्याने पुन्हा वाचले, पुन्हा तेच. मग त्याने टीव्हीवरच्या बातमीदाराचा आवाज काढून, नाकातून, एकेक शब्द तोडत वाचले, तेव्हा पडदा हिरवा झाला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला मी त्याला कविता वाचायला सांगितली, तर तो उभा राहून म्हणाला, “टीचर, टॅबलेटसारखं वाचू, का आपल्यासारखं?”

हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

मराठी अपुरी नाही, साधन अपुरे आहे, आणि हे आपल्याला नवे नाही. आपल्या शेजारी गोव्यात १५७९ साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी क्रिस्तपुराण मराठीत रचले. १६१६ साली ते छापले तेव्हा देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. छापखान्याला अक्षरे नाहीत म्हणून त्यांनी लोकांची भाषा बदलायला घेतली नाही. चारशे वर्षांनंतर त्याच परंपरेतल्या शाळेत एक दहा वर्षांचा मुलगा यंत्राच्या सोयीसाठी आपली बोली बदलतो आहे.

इथे एक खुलासा करते, कारण आपल्या भागात भाषेचा विषय निघाला की लोक लगेच बाजू घेऊन उभे राहतात. माझा कन्नडला विरोध नाही. आमची मुले कन्नड शिकतात, २०१५ च्या कायद्याने ती शिकवणे बंधनकारक आहे आणि व्यवहारात तिच्यावाचून चालतही नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३५०क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे तो सांगतो. आपली शाळा अनुच्छेद ३० खाली, धार्मिक अल्पसंख्याकांची संस्था म्हणून चालते, आणि त्या हक्काला कोणी धक्का लावला की आपण सारे रस्त्यावर येतो, यायलाही हवे. मग आपल्याच छपराखाली बसलेल्या भाषिक अल्पसंख्याक मुलांना इंग्रजी आणि कन्नड सूचना असलेले अ‍ॅप द्यावे, त्यात मराठीला फक्त एक चाचणी मिळावी आणि तीही त्यांना नापास करणारी असावी, हे कोणत्या न्यायात बसते? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही. कायद्याचा जाच जिथे नाही तिथे सदसद्विवेकाचा धाक अधिक असायला हवा, निदान आपण तसे शिकवतो.

तिसरी तक्रार. टॅबलेटच्या सरावाला वेळ काढण्यासाठी नीतिशिक्षणाचा तास रद्द करण्यात आला आहे. कॅथलिक मुलांना या तासाला धर्मशिक्षण आणि इतरांना नीतिशिक्षण मिळत असे, आणि मराठा, लिंगायत, मुस्लिम अशी सगळी मुले त्यात आनंदाने बसत. या तासाला परीक्षा नव्हती, हेच बहुधा त्याच्या मुळावर आले. आजोबा गेल्यानंतर प्रथमच शाळेत आलेला मुलगा याच तासाला बोलला. कोणाचे रंगीत खडू कोणी घेतले याचा निकाल याच तासाला लागला, आणि तो मी न लावता मुलांनी लावला. कॅथलिक शाळेने वेळापत्रकातून काही काढायचे झाले तर हा तास सर्वांत शेवटी निघावा, तो सर्वांत आधी निघाला. त्यातच हे अ‍ॅप रोज रात्री आठ वाजता गृहपाठाची आठवण करून देणारी घंटा वाजवते. आठ वाजता आमच्या घरी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असतो, शेजारच्या माळकऱ्यांच्या घरी हरिपाठ. पोराने हातातली जपमाळ खाली ठेवून फोन उचलायचा की नाही, हे आता त्या घंटेने ठरवायचे आहे. मंडळातल्या सदस्यांच्या घरी ती वाजत नसल्यामुळे कदाचित हे लक्षात आले नसावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात लिहिते. मुलांचे आवाज, छायाचित्रे आणि पालकांचे फोन क्रमांक एका खासगी कंपनीकडे जात आहेत आणि त्यासाठी पालकांची लेखी संमती घेतलेली नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने होत आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती तो मागतो. शाळांना त्यात काही सूट आहे, हे मी जाणते, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती आहे. कंपनीशी झालेला करार कोणा शिक्षकाने पाहिलेला नाही. टॅबलेटची रक्कम फीमध्ये मिळवली जाणार आहे. ती भरण्यासाठी काजू कारखान्यात जाणाऱ्या आयांना बचतगटाकडे हात पसरावा लागेल. आणि पश्चिमेकडच्या गावांत जूनचा पाऊस धरला की हेस्कॉमची वीज जाते ती कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही, टॉवरही तिच्याबरोबर जातो, हे मंडळाने कंपनीला सांगितले होते का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. २०२० साली शाळा बंद असताना राज्य शासनाने सरकारी शाळांसाठी विद्यागम योजना आणली, तेव्हा कोणाकडे स्मार्टफोन आहे, कोणाकडे साधा आहे आणि कोणाकडे काहीच नाही, हे आधी पाहून मुलांचे गट केले गेले. संसर्गाच्या भीतीने ती योजना दोन-तीन महिन्यांतच थांबवावी लागली, पण मुलाच्या घरी काय आहे हे आधी पाहावे, एवढे शहाणपण तिच्यात होते.

मंडळाची बाजू मला कळत नाही असे नाही. मराठी विभागाची पटसंख्या घसरते आहे, पालक मुलांना इंग्रजी माध्यमात नेत आहेत, बेळगावातल्या शाळांच्या जाहिरातींत टॅबलेट घेतलेली मुले झळकतात, आणि आपणही काही केले नाही तर हा विभाग बंद पडेल ही भीती खरी आहे. मीही ती बाळगून आहे, कारण विभाग बंद झाला तर माझी नोकरी आधी जाईल. पण पालक दारात येऊन काय विचारतात ते आम्ही ऐकतो. मुलगा नीट वाचतो का, इंग्रजी बोलेल का, दहावीला निघेल का आणि तुम्ही त्याच्याकडे लक्ष देता का, असे ते विचारतात. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, म्हणूनच आजवर ते आपल्याकडे येत राहिले. इंग्रजी संभाषणाचा एक तास वाढवा, आम्ही शिक्षक शाळा सुटल्यावर थांबू. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात तंत्रज्ञानाच्या लाभाचा भरवशाचा पुरावा फार थोडा असल्याचे म्हटले आहे आणि ते शिक्षकाची जागा घेणारे नव्हे, त्याला मदत करणारे असावे, असा सल्ला दिला आहे. ज्यांच्यापाशी पैशाला तोटा नाही अशा देशांनाही जो सल्ला लागू आहे, तो आपण डावलण्याचे कारण काय?

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. लाल-पिवळी-हिरवी यादी सूचनाफलकावरून आजच काढावी आणि तिच्यावरून तुकड्या पाडण्याचा निर्णय रद्द करावा. मुलाविषयीचा कोणताही शेरा वर्गशिक्षकाच्या सहीनेच कायम व्हावा आणि त्याच्याशी यादी जुळत नसेल तेव्हा शिक्षकाचे म्हणणे ग्राह्य धरावे. मराठीची यांत्रिक वाचन-चाचणी थांबवावी आणि मुलाचे वाचन पूर्वीप्रमाणे शिक्षकाने ऐकावे. घरच्या फोनवरचा गृहपाठ सक्तीचा असू नये, वहीतला गृहपाठ तितकाच मानला जावा आणि रात्री आठची घंटा बंद व्हावी. नीतिशिक्षणाचा तास येत्या जूनच्या वेळापत्रकात परत यावा. आतापर्यंत घेतलेले मुलांचे आवाज आणि छायाचित्रे कंपनीकडून पुसून टाकल्याचे लेखी पत्र मिळवावे आणि करार मराठीत व कन्नडमध्ये फलकावर लावावा. जूनमधला विस्तार पालकसभा होईपर्यंत स्थगित ठेवावा. ही सभा रविवारी मिस्सेनंतर घ्यावी, कारण गोव्यात कामाला असलेले वडील त्याच दिवशी गावात असतात. आईवडील हेच मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात म्हटले आहे. त्यांना वगळून त्यांच्या मुलांविषयी ठरवता येणार नाही. टॅबलेट परत करावेत असे मी म्हणत नाही. ते संगणकखोलीत ठेवावेत, शिक्षकाने मागितले की वर्गात न्यावेत आणि काम झाले की परत ठेवावेत, आणि उरलेल्या पैशांतून खोलीतला बिघडलेला इन्व्हर्टर आधी दुरुस्त करावा.

या पत्राचे उत्तर पवित्र सप्ताहाच्या आधी मिळावे, अशी विनंती आहे. त्यानंतर सुटी लागते, पालक पांगतात आणि जून उजाडेपर्यंत पुन्हा कोणी भेटत नाही. उत्तर येईपर्यंत मी वर्गात टॅबलेट वापरीन, मुलांना ते वापरायला शिकवीन आणि प्रशिक्षणालाही हजर राहीन. शनिवारच्या यादीवर मात्र सही करणार नाही. तिच्या जागी माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाविषयी हाताने लिहिलेली टिपणी दर महिन्याला मुख्याध्यापकांकडे देईन. ती वाचायला वेळ लागेल, याची मला कल्पना आहे.

आपली नम्र,
मराठी विभागातील एक शिक्षिका
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव

प्रत : मुख्याध्यापक, पालक प्रतिनिधी, शिक्षकखोलीतील सूचनाफलक